वजनाच्या शस्त्रक्रियेआधी श्वासाची परीक्षा कशाला?

प्रश्न : माझे वय ४६, वजन १०४ किलो आणि उंची १५६ सेंटीमीटर आहे. लहानपणापासून दमा आहे; पावसात भिंतींना ओल आली की पंप घ्यावा लागतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. यंदा चवथीला माटोळी बांधताना चार वेळा स्टुलावर चढले आणि धाप लागून बसावे लागले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जननी फुप्फुसांची तपासणी आणि स्लीप स्टडी करायला सांगितली आहे. शस्त्रक्रिया पोटाची असताना हे कशासाठी? यजमानांना हा नुसता खर्च वाटतो. अहवाल वाईट आल्यास शस्त्रक्रिया नाकारतील का? – एक भगिनी, डिचोली

उत्तर : तुमची धाप वजनाची आहे की दम्याची, हे आधी ठरायला हवे. पोटावरची चरबी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) वर रेटते, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि आडवे झाल्यावर ती आणखी घटते. दम्यात श्वासनलिकाच आकसतात. दम लागणे दोन्हींत सारखेच वाटते, इलाज मात्र निराळे.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसांच्या या तपासणीत, नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात आणि छाती भरून घेतलेला श्वास एका झटक्यात बाहेर टाकून सुमारे सहा सेकंद फुंकत राहायला लावतात. चुलीवर फुंकणी वापरलेल्यांना हे सोपे वाटते, पण इथे तशी बेताबेताची फुंक चालत नाही. निदान तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत तंत्रज्ञ ‘सोडा, सोडा, अजून सोडा’ म्हणत पाठ सोडत नाहीत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, हे त्यातून कळते. निव्वळ वजनामुळे दोन्ही आकडे उतरले तरी त्यांचे गुणोत्तर साधारण टिकून राहते. दम्यात पहिल्या सेकंदाचा आकडा अधिक पडतो आणि पंप देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर बहुधा सुधारतो. बांबोळीला किंवा म्हापशाला तपासणीला निघताना भरपेट खाऊ नका, कमरेला घट्ट कपडे नकोत, आणि पंप किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारा.

पोटाच्या शस्त्रक्रियेशी याचा संबंध भुलेतून येतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल आणखी वर सरकते. शिवाय भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालेपर्यंतच्या थोड्या वेळात, फुप्फुसांत हवेचा साठाच कमी असल्याने, रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. हे आधी ठाऊक असले की भूलतज्ज्ञ डोके व खांदे उंच ठेवून तयारीनिशी भूल देतात.

मला स्वतःला मात्र फुंकण्याच्या अहवालापेक्षा तुमच्या झोपेची चिंता अधिक वाटते. पत्रात घोरण्याविषयी एक अक्षर नाही. खर्चाची शंका काढणाऱ्या यजमानांनाच विचारा : घोरता घोरता श्वास थांबतो, काही क्षण सारे शांत होते आणि मग मोठा आवाज करून तुम्ही दचकता, असे त्यांनी पाहिले आहे का? तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) सुमारे ४२.७ आहे, त्यात रक्तदाब. म्हणजे झोपेत श्वास अडकण्याची शक्यता एरवीही बरीच आहे. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या काही तीव्र वेदनाशामकांनी घशाचे स्नायू आणखी सैलावतात, आणि न ओळखलेला हा आजार नेमका त्या रात्री महागात पडतो. स्लीप स्टडीत तासाला श्वास किती वेळा अडतो ते मोजतात. १५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र. रक्तातील बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइड साचत राहिल्यास वाढणारा क्षार) २७ किंवा अधिक असेल, तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साचतो का, हे मनगटातून रक्त घेऊन पाहावे लागते.

अहवाल वाईट आला तर शस्त्रक्रिया बहुधा नाकारत नाहीत, पुढे ढकलतात. तेवढ्या आठवड्यांत पंप नियमित करून दमा आटोक्यात आणतात, गरज असल्यास रात्री सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे) सुरू करतात. दाखल होताना पंप आणि यंत्र, दोन्ही सोबत न्या. पुढे वजन उतरल्यावर घोरणे थांबले, तरी स्लीप स्टडी पुन्हा झाल्याशिवाय यंत्र माळ्यावर टाकू नका.

प्रश्न : माझी हीच शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आहे. सिगारेट कालच सोडली. पुरेसे आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : सोडलीत हे उत्तम, पण निदान सहा आठवडे हवेत, म्हणून सर्जनना खरी तारीख सांगा. सोडल्यावर काही दिवस खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो. त्याला घाबरून पुन्हा ओढू नका. जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याची गॅस्ट्रिक बायपास ठरली असेल तर नंतरही सिगारेट वर्ज्यच, कारण जठर आणि आतडे जिथे जोडतात तिथे धूम्रपानाने व्रण होण्याचा धोका वाढतो.