‘उत्तेजक’ म्हणावं की ‘डोपिंग’?

सायकलवरून तुळजापूरला जाणाऱ्या आमच्या सोलापुरी मंडळींची स्मरणिका निघते आहे. टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत सात वेळा जिंकून पुढे डोपिंगपायी ती विजेतेपदं गमावलेला अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग, त्याच्यावर तिच्यात लेख लिहिणाऱ्याने विचारलंय: “पेपरात ‘उत्तेजक द्रव्यांचे सेवन’ असं छापतात. मराठी शब्द असताना ‘डोपिंग’ कशाला?”

डोपिंगच लिहा. पेपरातल्या त्या तीन शब्दांपैकी एकही आर्मस्ट्राँगला नीट लागू पडत नाही.

‘उत्तेजक’ हा शब्द टॉम सिम्पसनच्या काळचा. हा ब्रिटिश सायकलपटू १९६७च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतू या डोंगराचा चढ चढताना कोसळून मरण पावला आणि त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन सापडलं. तिथे ‘उत्तेजक’ चपखल बसतो. आर्मस्ट्राँगच्या पिढीचा लाडका माल मात्र ईपीओ, म्हणजे टोचून घ्यायचं एक संप्रेरक. त्याने तरतरी येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि लांबच्या चढावर दम टिकतो. मूळचं हे मूत्रपिंडाच्या रुग्णांचा पंडुरोग बरा करायला दिलेलं औषध!

उलटं उदाहरण तर फारच गमतीचं आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं काढून घेतली ती प्रोप्रानोलॉलमुळे. हे औषध छातीतली धडधड कमी करतं, हात थरथरू देत नाही. म्हणजे शांत होण्यासाठी घेतलेलं औषध, आणि मराठीत तो ‘उत्तेजक चाचणीत दोषी’.

राहिले ‘द्रव्य’ आणि ‘सेवन’. स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवायचं आणि शर्यतीच्या वेळी परत अंगात घालायचं, हाही त्या काळचा राजरोस नसला तरी नेहमीचा उद्योग. याला सेवन कसं म्हणणार? सेवन च्यवनप्राशाचं करतात. रक्त चढवतात.

आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना विचारलं, तुम्ही काय म्हणता? लाल मातीत पाय रोवूनच ते म्हणाले, “सुईचं अंग. खुराकाचं अंग येगळं, सुईचं येगळं. हात लावला की कळतंय की.” शब्द झकास आहे, पण गोळी गिळणाऱ्याला तो पुरत नाही. आणि सायकलवाल्यांचं नुसता हात लावून कळलं असतं तर काय हवं होतं!

आता ‘डोप’ परका म्हणून नको, हा मुद्दा. डचमधला मूळ शब्द बुडवण्यावरून आलेला, अर्थ कालवण, सॉस. आपण भाकरी बुडवतो तसलं. इंग्रजीत तो अफूच्या दाट रसाला चिकटला, मग शर्यतीच्या घोड्यांना चारायच्या औषधाला. असं घसरणं आपल्याला नवं नाही. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध; ‘दवादारू’त ते अजून शाबूत आहे, ‘दारूगोळ्या’त त्याचा स्फोट होतो आणि नुसतं ‘दारू’ म्हटलं की गुत्ता आठवतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्याला ‘मंदु’ म्हणजे काय ते विचारून बघा. औषध, दारू आणि बंदुकीची दारू, तिन्ही. जोडीला एक डोप आला तर आपलं काय बिघडतं?

लेखात आणखी दोन जागी पेन्सिल फिरवली आहे. ‘चाचणीत दोषी आढळल्याने बंदी’ हे खोडा. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने (बघा, माझ्याही तोंडी बसलाय!) त्याच्यावर ठपका ठेवला तो मुख्यतः साक्षींच्या बळावर. सव्वीस जणांनी साक्ष दिली, त्यांत खुद्द त्याच्या संघातले सहकारी होते. ‘पितळ उघडं पडलं’ लिहा, चालेल. टीव्हीवर ओप्रा विन्फ्रीपुढे कबुली त्याने जानेवारी २०१३ मध्ये दिली.

दुसरं, ‘सात विजेतेपदे हिरावली’. हिरावतात ते हक्काचं. घास हिरावतात. इथे ‘काढून घेतली’ किंवा ‘रद्द केली’ पुरे.

आणि तक्त्यात १९९९ ते २००५ पुढे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंची नावं भरली आहेत, ती काढा. ती विजेतेपदं कोणालाच दिलेली नाहीत. रकाना मोकळा दिसतो म्हणून नावं काढायचं मन होत नसेल, तर कचेरीतला आपला ‘निरंक’ आहेच. सात वेळा लिहा.