डेंग्यूचा विषाणू बदलला तर चाचणी चुकू शकते का?

हो, पण प्रत्येक चाचणी सारखीच चुकत नाही. डेंग्यूच्या विषाणूचा जनुकसंच सुमारे १०,७०० अक्षरांचा आणि आरएनएचा असल्याने प्रती निघताना त्यात चुका होतच राहतात. त्यांपैकी एखादी नेमकी आरटी-पीसीआर या जनुकीय चाचणीचा प्रायमर (विषाणूचा ठरावीक क्रम ओळखणारा डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटतो त्या लहानशा तुकड्यात पडली, तर रक्तात विषाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. म्हणूनच नव्या नमुन्यांचा जनुकक्रम वेळोवेळी वाचून प्रायमर त्याच्याशी ताडून पाहणे मला अत्यावश्यक वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा आयजीएम एलायझा संच रुग्णाची प्रतिपिंडे शोधतो, त्यामुळे त्याला हा धोका बराच कमी आहे. मात्र ही प्रतिपिंडे साधारणपणे आजाराच्या पाचव्या दिवसाच्या सुमारासच सापडू लागतात. त्याआधी लक्षणे डेंग्यूचीच असून पीसीआर नकारात्मक आला, तर डॉक्टरांना विषाणूचे प्रथिन शोधणाऱ्या एनएस-१ चाचणीविषयी अवश्य विचारावे.