डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीसाठी तयार करताना काय शिकवावं? इंग्रजी आणि इंटरव्ह्यूची तयारी पुरते का?

नाही पुरत. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, बरीच वर्षं मशीन शॉप सांभाळलंय म्हणून स्पष्टच लिहिते.

आमच्याकडे एक ट्रेनी आला, डिप्लोमा फर्स्ट क्लास, इंटरव्ह्यूत फाडफाड इंग्रजी बोलला. सेकंड शिफ्टला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, शाफ्टचं टर्निंग चालू होतं, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलच्या मापाचं सेटिंग, चुकला आणि साइज टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या मापाच्या मर्यादेच्या, खाली जायला लागली, मायक्रोमीटर त्याच्याच हातात, त्याने मापलं, त्याला दिसलं, आणि गप्प बसला. लॉगबुकात लिहिलं काय, तर 'काम चालू'. रात्रपाळीवाल्याने तेच पुढे चालवलं. साइज जास्त राहिली असती तर अजून एक कट मारता आला असता, कमी झालेल्याचं काय करणार, सगळा लॉट भंगारात. सकाळी विचारलं तर म्हणे, "मने थयुं साहेब वढशे." साहेब ओरडतील म्हणून! मला राग आला तो त्याला तीन वर्षं शिकवणाऱ्यांचा. चूक दिसली की कुणाला, कधी, कसं सांगायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढे एका संस्थेने मला लेक्चर घ्यायला बोलावलं तेव्हा मी मुलांकडून शिफ्ट हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीवाल्यासाठीची नोंद, लिहून घेतला. कुठलं मशीन, कुठला जॉब, किती पीस ओके, किती रिजेक्ट, काय बदललं, पुढच्याने काय बघायचं. कधी तोंड न उघडणाऱ्या एका गुजराती मीडियमच्या मुलाने सगळ्यात चोख लिहिलं, गुजरातीत. तिथल्या को-ऑर्डिनेटर सरांनी तो कागद बाजूला ठेवला, इंग्लिशमध्येच हवं म्हणाले, आणि मॅडम, हे नोकरीत आपोआप येतं, तुम्ही ग्रुप डिस्कशन घ्या. हे मला आजही पटत नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ती याच गावात, आणि तिचे पहिले प्राचार्य गज्जर मास्तर, त्यांचा आग्रह होता की हुन्नर आपल्या भाषेतून शिकवावा. आपोआप काही येत नाही हो, आलं असतं तर तो लॉट वाचला असता.

तर तुम्ही हे शिकवा. यायला उशीर होणार असेल तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फोन करणं, सूचना कळली नाही तर तिथेच परत विचारणं, सीनियरला "हे चुकतंय" म्हणणं. पगाराची स्लिप वाचायलाही शिकवा, पीएफचे 12 टक्के कापले की मुलं घाबरून एचआरकडे धावतात, तेवढंच कंपनीही भरते हे माहीत नसतं. आणि अप्रेंटिस म्हणून लागणार असतील तर 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार होतो, तो वाचून सही करायची.

इंग्रजी नकोच असं नाही म्हणत मी. ड्रॉइंगवरच्या नोट्स इंग्रजीत असतात, एक्स्पोर्टच्या कस्टमरचे मेल इंग्रजीत येतात, आयटी किंवा सेल्सला जाणाऱ्यांना तर बोलावंच लागतं. तुमची मुलं कुठल्या ब्रँचची आहेत ते लिहिलं नाहीये, त्याप्रमाणे कमीजास्त करा.

परीक्षा मात्र लेखी नको. वर्कशॉपमधल्या एखाद्या मशीनमध्ये मुद्दाम छोटा बिघाड करून ठेवा, मुलाला समोर उभं करा आणि सुपरवायझरला फोनवर काय झालंय ते सांगायला लावा, भाषा त्याची त्याला निवडू दे, मार्क त्यावर द्या.