‘हा धडा घरी वाचून या’ : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा सातवीत आहे आणि मुलगी चौथीत. मुलाच्या शाळेने लैंगिक शिक्षणाचे सहा तास घ्यायचं ठरवलंय, त्यासाठी पालकांची सही मागितलीय, आणि तेव्हापासून आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप नुसता पेटलाय. निम्म्या पालकांचं म्हणणं की या वयात नको ते डोक्यात भरवलं तर मुलं करून बघणारच. मला वाटतं शिकवावं, पण ग्रुपवर बोलायची हिंमत होत नाही आणि खरं सांगायचं तर थोडी भीती मलाही वाटतेय. सही करू का?

उत्तर : करा. फक्त त्याआधी शाळेत जाऊन तास कोण घेणार, काय शिकवणार, मुलांना प्रश्न विचारता येणार का, एवढं नीट विचारून घ्या, तो तुमचा हक्कच आहे.

आता ग्रुपवरच्या भीतीबद्दल. ‘कळलं की करून बघणार’ ही भीती जगभरातल्या आईबापांना वाटत आलीय, म्हणूनच तर त्यावर भरपूर अभ्यास झालेत. युनेस्कोने जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंना सोबत घेऊन २०१८ मध्ये शाळांसाठी सुधारित मार्गदर्शिका काढली, तेव्हा वेगवेगळ्या देशांतले असे अभ्यास तपासले होते. त्यातून दिसलं ते असं, की नीट शिकवलेल्या मुलांमध्ये शारीरिक संबंधांची सुरुवात लवकर होत नाही, उलट काही ठिकाणी ती लांबते, आणि पुढे कधी संबंध आलेच तर ही मुलं गर्भनिरोधकं जास्त वापरतात. नुसतं ‘लग्नाआधी काही नको’ एवढंच बजावणाऱ्या तासांचा मात्र उपयोग होताना दिसला नाही. स्वीडनने तर १९५५ मध्येच हा विषय शाळेत सक्तीचा केला, म्हणजे कुणी काल-परवा काढलेलं फॅड नाहीये हे.

आणि या वयात म्हणजे कुठल्या वयात, हे जरा बघू. मुलींच्या शरीरात वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४ च्या. मुलाचं आधी बघू, धाकटीचं नंतर, असं तुमच्या मनात असेल तर मला वाटतं तुम्ही उलटं धरलंय, कारण तुमची चौथीतली लेक आजच त्या वयात आहे.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. एकदा शेवटची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला आणि सहावीतली एक मुलगी बाकावरून उठेचना. दप्तर मांडीवर घट्ट धरलेलं, मान खाली. शेजारी जाऊन बसले तर हळूच म्हणाली, बाई, मला कॅन्सर झालाय. दोन दिवस रक्त जात होतं तिचं आणि ती वहीची पानं फाडून, घडी करून चड्डीत ठेवत होती, ती कडक पानं टोचून टोचून मांड्या सोललेल्या होत्या. आई शिकलेली, प्रेमळ, मुलीची काळजी घेणारी बाई होती, तिने ठरवलंच होतं की वेळ आली की सांगू, पण वेळ आली ती आई गावाला गेलेली असताना. ती दोन दिवसांची भीती आपण कुणीही वाचवू शकलो असतो, पाच मिनिटांचं काम होतं. आजही ती टोचलेली पानं आठवली की मला वाईट वाटतं.

दुसरं त्याहून अवघड आहे. एका मुलाने आईला तीनदा सांगितलं होतं की मला त्या सरांच्या शिकवणीला जायचं नाही, ते त्रास देतात. आईला वाटलं अभ्यासाचा त्रास, कंटाळा करतोय, म्हणून तिने समजूत काढून परत पाठवला. खोटं बोलला नव्हता तो, लपवलंही नव्हतं, पण काय होतंय ते सांगायला त्याच्याकडे ‘त्रास’ हा एकच शब्द होता. आपण नाक, कान, गुडघा शिकवतो आणि मधल्या भागावर आलो की ‘शूची जागा’ म्हणून पुढे सरकतो, मग तिथे कुणी हात लावला तर मुलाने सांगायचं कसं, आणि जी जागा आईसुद्धा नावाने बोलत नाही तिच्याबद्दल बोलायचंच नसतं हे तर ते केव्हाच शिकलेलं असतं. म्हणून मला विचाराल तर लैंगिक शिक्षणातला पहिला आणि सगळ्यात मोठा भाग हाच, मुलांना शब्द देणं. अवयवांची नावं, चांगला स्पर्श, नको असलेला स्पर्श, आणि ‘हे मला आवडत नाही’ हे वाक्य. संबंध, गर्भधारणा, गर्भनिरोधन हे सगळं वयाप्रमाणे नंतर येतं, त्या मार्गदर्शिकेतसुद्धा ५ ते ८ वर्षांचा गट वेगळा आणि १५ च्या पुढचा वेगळा आहे. पाच वर्षांच्या मुलाला कंडोम शिकवायला कुणीच सांगत नाहीये, हे ग्रुपवर जरूर लिहा. तुम्ही लिहिलंत की तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्या आणखी चार आया बोलतील बघा.

प्रश्न : मॅडम, मी विज्ञान शिकवतो. दरवर्षी प्रजननाचा धडा आला की ‘हा धडा घरी वाचून या’ म्हणून मोकळा होतो. यंदा शिकवायचाच असं ठरवलंय, पण नुसत्या विचाराने हाताला घाम येतो. मुलं हसतील, कुणी वात्रट प्रश्न विचारेल, पालक तक्रार करतील. सुरुवात कशी करू?

उत्तर : सर, घाम मलाही आला होता. तुम्ही धडा सोडून देताना वर्गाने ते बघितलंय आणि सर घाबरतात असा हा विषय आहे एवढं शिकलाय, तेव्हा यंदाचं तुमचं ठरवणं फार मोलाचं आहे.

पहिल्या दिवशी फळ्यावर शब्द लिहा. शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय, बीजांडकोश. हृदय आणि फुप्फुस ज्या अक्षरात लिहिता त्याच अक्षरात, बारीक नाही आणि कोपऱ्यात नाही. मग मोठ्याने वाचा. वर्ग हसेल, दोन मिनिटं हसू द्या, रागावू नका, त्या हसण्यात लाज असते, उद्धटपणा नसतो. चौथ्यांदा वाचाल तोवर हसू ओसरलेलं असेल.

मग चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, पण तो ठेवायची एक पद्धत आहे. ज्याला प्रश्न आहे त्याने टाका म्हटलं तर एकही येणार नाही, कारण उठून डब्याकडे जाणाऱ्याकडे सगळा वर्ग बघतो. सगळ्यांना एकसारखे कागद द्या, प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ लिहायचं, पण चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, नाव कुणीच घालायचं नाही. माझ्या डब्यात पहिल्या वर्षी निम्म्या चिठ्ठ्यांत शिव्या होत्या. नीट वाचल्यावर कळलं की मुलांना त्या अवयवाचं किंवा त्या गोष्टीचं दुसरं नावच माहीत नव्हतं, प्रश्न अगदी साधा आणि घाबरलेला होता. मी शिवीच्या जागी योग्य शब्द घालून प्रश्न वाचायचे आणि उत्तर द्यायचे, पुढच्या आठवड्यात बऱ्याच चिठ्ठ्यांत तो योग्य शब्द यायचा.

काय विचारतात ते सांगते, तयारीला बरं. एक वृषण खाली आणि एक वर आहे, आजार आहे का? नाही, बहुतेकांचं तसंच असतं. छातीची एक बाजू मोठी वाटते, ते काय? वाढताना दोन्ही बाजू बरोबरीने वाढतीलच असं नाही. पाळी दर महिन्याला त्याच तारखेला का येत नाही? सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कितीही अंतर पडू शकतं. आणि मुलांचा ठरलेला प्रश्न, स्वप्नदोषाने ताकद जाते का? या शब्दाचाच मला राग येतो, झोपेत आपोआप होणाऱ्या निरोगी गोष्टीच्या नावातच ‘दोष’ घालून ठेवलाय, मग तेरा वर्षांचा पोरगा पहाटे उठून चादर धुवायला घेतो आणि आपल्याला काहीतरी रोग झाला म्हणून झुरत बसतो. ताकद जात नाही, वीर्य शरीरात सतत तयार होत असतं, हस्तमैथुनानेही अशक्तपणा येत नाही, हे वर्गात सरळ आवाजात सांगा. जाहिरातीतल्या ‘कमजोरी’च्या औषधांपासून तेवढ्याने किती मुलं वाचतील बघा.

जे माहीत नसेल त्याला ‘बघून उद्या सांगतो’ म्हणा आणि उद्या खरंच सांगा. आणि एक जपा. एखादं मूल तासानंतर येऊन म्हणेल, सर एक सांगायचंय पण कुणाला सांगू नका. तसं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, पण तुला मदत मिळायला मला आणखी एका माणसाशी बोलावं लागेल’ असं म्हणा.

पालकांच्या तक्रारीबद्दल म्हणाल तर धडा घ्यायच्या आधीच त्यांना बोलवा आणि फळ्यावर लिहिणार ते सगळं दाखवा. आपल्या भाषेत हे काम नवीन नाही, सर. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला कर्वे हरले, पण मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवलं. तुमच्या वर्गातल्या चिठ्ठ्यांत येणारे प्रश्न आजही तेच असणार आहेत.

प्रश्न : मुलीच्या शाळेत सगळ्या मुलींना हॉलमध्ये नेऊन पाळीबद्दल सांगितलं, मुलांना तेवढा वेळ मैदानावर सोडलं. मला दोन मुलगे आहेत. त्यांना कोण सांगणार?

उत्तर : अगदी बरोबर विचारलंत दादा. मैदानावर सोडलेल्या मुलांना मोबाईल सांगतो, आणि मोबाईलवर जे दिसतं ते नट-नट्यांनी कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं, त्यात कुणी कुणाला विचारत नाही, कुणाला दुखत नाही, कुणी नाही म्हणत नाही. चौदा वर्षांचा मुलगा तेच खरं समजून चालतो आणि मग स्वतःच्या शरीरालाही कमी लेखतो, समोरच्या मुलीलाही. हे तुम्ही बाप म्हणून बोललात तर सगळ्यात चांगलं, समोरासमोर जमत नसेल तर गाडी चालवताना बोला, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही तेव्हा मुलगे बोलतात.

त्यांना पाळीही कळू द्या, स्कर्टवरचा डाग बघून हसायचं की स्वतःचा स्वेटर काढून द्यायचा हे तिथेच ठरतं. ‘नाही’ म्हणजे नाही, आणि गप्प बसणं म्हणजेही हो नव्हे. कुणाचा फोटो आला तर पुढे पाठवायचा नाही, स्वतःचा पाठवायचा नाही. मूल मुलगा होणार की मुलगी ते पुरुषाच्या शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, बाईच्या हातात त्यातलं काही नसतं, हे वाक्य प्रत्येक मुलाने शाळा सोडायच्या आत ऐकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि लैंगिक अत्याचार मुलग्यांवरही होतो, तेव्हा ‘मुलगा असून रडतोस काय’ हे घरातून आजच हद्दपार करा.

प्रश्न : पाच वर्षांची नात विचारते, आजी, बाळ कुठून येतं? सून म्हणते देवाघरून येतं म्हणून सांगा. मला ते पटत नाही, पण खरं तरी कसं सांगू?

उत्तर : आजी, तुम्हाला पटत नाही यातच सगळं आलं. सांगा की आईच्या पोटात गर्भाशय नावाची एक पिशवी असते, त्यात बाळ वाढतं आणि मोठं झालं की बाहेर येतं. कुठून येतं असं विचारलं तर आईच्या योनीतून, आणि कधी कधी डॉक्टर पोटावर कापून काढतात. घाई न करता, कांदा चिरताना बोलतो तशा आवाजात. सुनेलाही शेजारी बसवा, तिला कदाचित शब्दच सुचत नसतील. नातीने पुढचं विचारलं तर पुढचं सांगा, आणि नाही विचारलं तर खेळायला जाऊ द्या.