तोंड उघडत नाही, गिळता येत नाही: पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने जेवणाची नळी कशी बसवतात, आणि घरी काय सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडील ६२ वर्षांचे, घशाच्या खालच्या भागाचा कर्करोग, तंबाखूमुळे तोंड दीड बोटसुद्धा उघडत नाही. नाकातली नळी दोनदा निघाली. आता डॉक्टर पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने नळी बसवू म्हणतात. साधी दुर्बीण का नाही, धोका काय, आणि घरी आल्यावर काय करायचं?

आधी शब्दाचा गोंधळ सोडवतो. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना ‘दुर्बीण’च म्हणतात. एक तोंडातून जठरात उतरते, ती एंडोस्कोपी. दुसरी बेंबीजवळच्या भोकातून पोटात जाते, ती लॅप्रोस्कोपी. तोंडाकडून बसवलेल्या नळीला पेग म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली. पूर्ण भूल लागत नाही, काम लवकर उरकतं, म्हणून जमत असेल तिथे आजही पेगच आधी करतात. तुमच्या वडिलांचं तोंडच उघडत नाही, मग नळी आत नेणार कशी? दुसरं कारण असं, की पेगची नळी घशातून ओढत खाली नेताना गाठीला घासून जाते आणि क्वचित कर्करोगाच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजतात. दुर्मीळ आहे, पण झाल्याची नोंद आहे. त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

पण एक गोष्ट ऑपरेशनच्या आधी विचाराच. या केसमध्ये नळी बसवण्यापेक्षा भूल देणं अवघड आहे. लॅप्रोस्कोपीला पूर्ण भूल लागते, पूर्ण भुलीला श्वासनलिकेत नळी लागते, आणि ती एरवी तोंडातून घालतात. इथे ती रुग्ण जागा असतानाच नाकातून, बारीक लवचिक दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागेल. कान-नाक-घसा सर्जन गळ्याला भोक पाडायच्या तयारीने शेजारी उभा हवा. श्वास घेताना आवाज येत असेल, झोपताना उशा वाढवाव्या लागत असतील तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. त्यांना धोका फार वाटला तर फक्त जागा बधिर करून छोट्या छेदातून, किंवा एक्स-रेखाली सुईने नळी बसवता येते. तेही चांगले पर्याय आहेत.

आता प्रत्यक्ष काम. अर्धा-पाऊण तास लागतो. बेंबीजवळ ५ मिलिमीटरच्या भोकातून कॅमेरा जातो, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १० ते १२ मिलिमीटर पारा. दुसऱ्या भोकातून चिमटा. डाव्या बरगडीच्या कडेखाली दोन-तीन बोटांवर नळीची जागा ठरवतात. जठराची पुढची भिंत चिमट्यात धरून त्या जागेला टेकते का ते पाहायचं. गॅसने पोट तंबूसारखं वर गेलेलं असतं, म्हणून दाब उतरवून पुन्हा पाहायचं. ओढ बसत असेल तर जागा बदलायची, कारण ताणलेलं जठर पुढे भिंतीपासून सुटतं. मग तीन-चार टाके घालून जठर आतून पोटाच्या भिंतीला बांधतात. हे टाके डोळ्यांसमोर पडतात, लॅप्रोस्कोपीचा खरा फायदा तोच. मध्ये सुई, सुईतून तार, तारेवरून एकापेक्षा एक जाड डायलेटर (भोक रुंद करणाऱ्या कांड्या), शेवटी १८ किंवा २० फ्रेंचची नळी. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तर १८ ची नळी ६ मिलिमीटर जाड. आतला फुगा पाण्याने फुगवतात, बाहेरची चकती कातडीपासून ३ ते ५ मिलिमीटर सोडून लावतात. चकती गच्च आवळली तर मधलं मांस दाबून मरतं. शेवटी नळीतून पाणी सोडून आत कुठे गळत नाही ना, ते कॅमेऱ्यातून बघतात. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका, तो गॅसचा परिणाम असतो.

कर्करोग अन्ननलिकेचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. पुढे अन्ननलिका काढून जठरच वर ओढून जोडायचं असेल तर त्या जठराला भोक पाडण्याआधी कर्करोगाच्या सर्जनला विचारलंच पाहिजे. अशा वेळी बहुधा लहान आतड्यात नळी बसवतात. ती नळी बारीक असते, त्यात सिरिंजने भसकन ओतून चालत नाही, पंपाने थेंब थेंब द्यावं लागतं.

नळी बसली की पहिले ७२ तास डोळ्यांत तेल घालून पाहा. नळीतून काही देताना जोरात दुखलं, पोट लाकडासारखं कडक झालं, ताजं रक्त आलं किंवा नळीच्या कडेने जठरातलं बाहेर आलं, तर देणं तिथेच थांबवा आणि सर्जनला कळवा. ‘उद्या बघू’ म्हणू नका.

यानंतरचे चार आठवडे सगळ्यात नाजूक. भोकाची वाट पक्की व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, कुपोषित माणसाला जास्तच. या काळात नळी निघाली तर घरी परत घालू नका. ती जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते, आणि वरून दिलेलं दूध मग सगळ्या पोटात पसरतं. सरळ हॉस्पिटल गाठा. चार आठवड्यांनंतर निघाली तर घाई वेगळ्या कारणासाठी: भोक काही तासांतच आकसायला लागतं. तिथे पोचल्यावर कधी तात्पुरता लघवीचा कॅथेटर घालतात. चालतं, पण त्याला बाहेर चकती नसते. तो आत सरकून फुगा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकला की उलट्या सुरू होतात. म्हणून चिकटपट्टीने पक्का लावा आणि कातडीजवळ पेनने खूण करा.

आता खाणं. वडील बरेच दिवस उपाशी असतील तर पहिल्या दिवशी पोटभर देणं धोक्याचं आहे. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. किलोमागे रोज १० कॅलरींपासून सुरुवात, त्याआधी बी-१ जीवनसत्त्व, आणि रक्ततपासण्या बघत हळूहळू किलोमागे २५ ते ३०. म्हणजे ५० किलोच्या माणसाला शेवटी १२५० ते १५००. घरोघर चुकतं ते इथेच: डाळीचं पाणी आणि भाताची पेज देत राहतात. पोट भरतं, वजन उतरतं. दूध, दूध पावडर, अंडं, शिजवलेली डाळ, तेल हे मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडाने गाळून द्या, आणि प्रमाण आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. नाचणी द्यायची तर मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व घ्या. साधं पीठ गार होताना घट्ट होतं आणि नळी तुंबते. मोडाचं पातळ राहतं.

पाठ ३० ते ४५ अंश उंच, एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, १५-२० मिनिटांत, आणि नंतर तासभर आडवं करायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी. गोळ्या एकेक वेगळी कुटून, प्रत्येकीनंतर पाणी. अन्नात मिसळू नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्याऐवजी सिरप मागा. नळी तुंबली तर ५० मिलिलिटरच्या सिरिंजने कोमट पाणी पुढे-मागे करा. छोट्या सिरिंजचा दाब जास्त बसतो आणि नळी फाटते. तार तर कधीच घालू नका.

फुग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा काढून मोजा, किती भरायचं ते नळीवर छापलेलं असतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा, सलाइनचे खडे होऊन झडप बसते. पहिल्यांदा कधी मोजायचं ते सर्जनला विचारा. कडेने गळायला लागलं म्हणून जाड नळी मागू नका; भोक मोठं होतं आणि गळणं वाढतं. आधी फुगा, चकती आणि खोकला तपासा. भोकाभोवती लाल, ओलसर मांस वाढलं तर ते सिल्व्हर नायट्रेटने जाळतात.

नळी आहे म्हणून तोंडाकडे दुर्लक्ष नको. लाळ अजूनही फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा दिवसातून दोन-तीनदा तोंड साफ करा.

डिस्चार्ज कार्डावर नळीचा प्रकार, फ्रेंच नंबर, फुग्यातलं पाणी आणि ऑपरेशनची तारीख लिहून घ्या, आणि त्याच नंबरची एक नळी घरी ठेवा. रात्री दोन वाजता नळी निघाली तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर याच चार गोष्टी विचारेल.