घरच्या कॅमेऱ्याचं चित्र घराबाहेरून मोबाइलवर दिसत नसेल, तर आधी दोन आकडे पाहा

राउटरच्या सेटिंग्जना हात लावण्याआधी दोन आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर उपकरण ओळखणारे आकडे, कागदावर लिहून घ्या. एक, राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘वॅन’ (WAN, राउटरची इंटरनेटकडची बाजू) याच्यासमोर दिसणारा. दुसरा, गूगलवर ‘माझा आयपी’ शोधल्यावर येणारा.

घरात लॅपटॉपला मिळालेला, समजा १९२.१६८.१.५, हा खाजगी पत्ता. फ्लॅट नंबरसारखाच; बी-२०४ कितीतरी सोसायट्यांत असतो, तेवढ्यावरून पोस्टमनला घर सापडत नाही. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे गट अशा अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत. सार्वजनिक पत्ता मात्र जगात एकच. घरातली सगळी उपकरणं तो वाटून घेतात आणि कुठलं उत्तर कुणाचं, याची नोंद राउटर ठेवतो. हेच नॅट.

दोन्ही आकडे सारखे निघाले तर पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरने कॅमेऱ्याकडे पाठवावी या सेटिंगवर, मेहनत घ्या. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला आणखी एका नॅटमागे ठेवलंय. आयपीव्ही४चे, म्हणजे अशा चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटीच, म्हणून ही काटकसर. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. हे माहीत नसताना माझे दोन रविवार वाया गेले, तुमचे जाऊ नयेत. कंपनीकडे सार्वजनिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा. बहुधा वेगळे पैसे पडतात. वॅनवर १० किंवा १९२.१६८ दिसलं, तर घरात दुसरा राउटर मध्ये बसलाय का तेही बघा.

आणि पोर्ट उघडण्याआधी कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला. हे मात्र आजच करा.