बारानंतर चाय नाही

पोरी,

परवा अभ्यासिकेच्या पायरीवर बसून तू म्हणालीस, "सर, मी अशी नव्हती, आता आई साधं जेवाले ये म्हणे तरी मी अंगावर जातो, अन् चार वाजले की उगाच रडू येते." मी तेव्हा काही बोललो नाही. तुझ्या हातात कटचा कागदी कप होता अन् तो हलून राहिला होता, माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. मग रात्री झोप आली नाही म्हणून हे लिहायला बसलो.

हिंमत ठेव, अभ्यास कर हे तुला काय सांगायचं, पहाटे पाचला ग्राउंडवर धावणारी पोरगी तू. मी फक्त तू सांगितलेलं मांडून पाहिलं. दिवसाच्या सहा चाया, आपली चाय उकळून उकळून काळी करतो आपण, एका कपात ४० मिलिग्रॅम कॅफिन धर, झाले २४०. रात्री दोन वेळा कॉफीची पुडी, ६० प्रमाणे १२०. अन् टेस्टच्या दिवशी ती एनर्जी ड्रिंकची लाल बाटली, त्यात ७५ च्या आसपास. बेरीज ४३५. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० च्या वर जाऊ नये म्हणतात, अन् तुझं वजन किती, ४५ किलो?

आता नीट वाच. माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जाते, ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफिनचा रेणू दिसायला जवळपास तसाच, तो जाऊन ती जागा अडवतो पण निरोप काही देत नाही. थकवा कुठं गेला नाही बाप्पा, तो दाराबाहेर उभा आहे, साचूनच राहिला आहे, अन् कॅफिन उतरलं की सगळा एकदम आत येतो. तुझे चार वाजतात ते हेच. वरून कॅफिननं ॲड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, हात थरथरतात, अन् छाती धडधडली की मन तिचं कारण शोधते, तुला वाटते परीक्षेची भीती आहे, आईचा राग आहे. त्यातलं अर्धं तरी चायचं आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण मी ते भोगलं आहे.

म्हणून एकच गोष्ट धर: दुपारी बारानंतर चाय नाही. कॉफी नाही, बाटली नाही. घेतलेलं कॅफिन अर्धं व्हायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी पाचला दोन कप कडक मारले की रात्री दहाला एक कप अंगात शिल्लक, पहाटे तीनला अर्धा. मग झोप उथळ लागते, सकाळी अंग जड, म्हणून पुन्हा चाय. "मला तर झोप लागते" असं मला सांगू नको, झोप लागणं वेगळं अन् झोप होणं वेगळं.

माझं ऐक. २००३ चा जानेवारी. दिवसा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची अन् रात्री वावरात, कारण थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीचीच. गव्हाचं ओलित, स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, थंडी अशी की हात चालत नव्हते, अन् कडेला रानडुकरं. सोबत थर्मास. तो संपला की चुलीवर पुन्हा भरायचा. सकाळी आंघोळ करून, दोन कप पिऊन वर्गावर. एका पोराचं मोलचं गणित फळ्यावर चुकलं, अन् मी त्याच्या बापाच्या दारूवरून बोललो, सगळ्या वर्गापुढं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मग कधीच आला नाही. बांधकामावर गेला असं ऐकलं.

बाप माझा अंथरुणावर होता, दोन महिने धड झोप नव्हती, कोणाचंही डोकं फिरलं असतं, असं मी स्वतःला लय वर्षं सांगितलं. अजूनही कधी सांगतो. पण रात्रीचं ओलित तर शेजारचे कास्तकारही करून राहिले होते. अन् मी, ज्याला १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन माणसानं कॉफीतून कॅफिन वेगळं काढलं हे पाठ होतं, त्यानं स्वतःचे कप कधी मोजले नाहीत. डॉक्टरनं विचारलं तेव्हा म्हणालो तीन-चार. बायको मागून म्हणाली, "थर्मास धरला का त्याच्यात?"

त्या दिवसापासून बारानंतर नाही. लग्नात नाही, मयतीला नाही, सोयऱ्याच्या घरी नाही. साळा दोन वर्षं रुसला, म्हणे आमच्या घरची चाय चालत नाही का. रुसू दे. लोक म्हणतात मास्तर हेकट झाला. झालो. या हेकटपणानंच माझा आवाज खाली आला, माझ्या पोरी माझ्याजवळ बसायला लागल्या. इतकं असून मी चुकीचा कसा?

एक मात्र माझ्यासारखं करू नको, एका दिवसात तोडू नको. मी दिवाळीच्या सुट्टीत एकदम बंद केली, दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की वाटलं आत काहीतरी फुटलं. चाय सुटल्यावर १२ ते २४ तासांत ते दुखणं सुरू होते, पहिले दोन दिवस जोराचं, कोणाकोणाला नऊ दिवसही राहते. आधी बाटली बंद कर, मग रात्रीची कॉफी, मग दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी. टेस्टच्या आठवड्यात हे सुरू करू नको.

अन् सकाळी चाय-पोळी खातेस ना, ती चाय पोळीपासून तासभर दूर कर, चायमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे. तुझा थकवा रक्ताचाही असू शकतो, अन् तू त्याच्यावर चाय ओतून राहिलीस! महिनाभर कमी करूनही रडू थांबलं नाही किंवा धडधड राहिली तर डॉक्टरला सांग, लपवू नको, मी लपवलं होतं.

"पण सर रात्री जागल्याशिवाय सिलॅबस होत नाही," हे तू म्हणशीलच. मग कमी होऊ दे. झोपून वाचलेलं एक पान डोक्यात राहते, थरथरत वाचलेली दहा राहत नाहीत, बावीस वर्षं पोरांचे पेपर तपासून सांगतो.

आजपासून वहीत लिही, कप किती अन् किती वाजता, बाजूला त्या दिवशी आईशी कशी बोललीस तेही. रविवारी वही घेऊन ये. काकू पोहे करणार आहे, अकराच्या आत ये म्हणजे चायही भेटेल.

तुझा
सर